खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीतील नायट्रेटचे व्यवस्थापन

कोकण किनारपट्टीवर आंबा, काजू, नारळ आणि भात यांच्या जोडीला शोभिवंत माशांचे संगोपन हा पूरक व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. गप्पी, मोली, गोल्ड फिश अशा गोड्या पाण्यातील माशांवर हात बसला की साहजिकच लक्ष जाते ते प्रवाळ खडकांत राहणाऱ्या खाऱ्या पाण्यातील माशांकडे. या माशांना दर चांगला मिळतो आणि जागाही थोडी लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन फिश व डॅमसेल या माशांची हॅचरीत पैदास करण्याचे तंत्र बसविले आहे. त्यामुळे समुद्रातील मासे न पकडता हॅचरीतील पिल्ले आणून ती वाढविणे शक्य झाले आहे.

परंतु खाऱ्या पाण्याची नवी टाकी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अनेकांचा धीर सुटतो. पाणी तपासले की नायट्रेटचा रंग लालभडक येतो, काचेवर हिरवे-तपकिरी शेवाळ चढते, समुद्रफूल मिटून बसते. मग घाईने सगळे पाणी बदलले जाते, फिल्टर नळाखाली धुतला जातो, दुकानदार देईल ते औषध टाकले जाते. आणि नायट्रेटने न मेलेले मासे या उपायांनी मरतात. म्हणून एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी. नायट्रेट हा रोग नव्हे. आपण खाद्यातून टाकीत घातलेल्या नत्राची ती शिल्लक आहे. पिकाला दिलेल्या खताचा हिशेब ज्याला ठेवता येतो, त्याला हा हिशेबही अवघड नाही.

नायट्रेट येते कोठून?

शेतात युरिया टाकल्यावर काय होते हे आपल्याला माहीत आहे. युरियापासून अमोनिया तयार होतो, जमिनीतील जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडते. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधील, दगडांवरील व वाळूतील नायट्रोसोमोनास गटातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. या जीवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो.

शेत आणि टाकी यांत फरक पुढे पडतो. जमिनीत नायट्रेट तयार झाले की पिकाची मुळे ते उचलतात आणि राहिलेले पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून जाते. टाकीत पीकही नाही आणि निचराही नाही. त्यामुळे तयार झालेले नायट्रेट दिवसेंदिवस साठतच जाते. हवा भरपूर दिली, फिल्टर कितीही मोठा बसविला, तरी अमोनियाचे नायट्रेट अधिक वेगाने होईल एवढेच. नत्र टाकीबाहेर जाणार नाही.

पहिले सहा आठवडे

नत्रीकरण करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. खाऱ्या पाण्याची टाकी 'पिकायला' साधारणपणे 4 ते 6 आठवडे लागतात. या काळात प्रथम अमोनिया वाढतो व खाली येतो, मग नायट्राइट वाढते व खाली येते आणि शेवटी नायट्रेट चढत जाते. म्हणजे नव्या टाकीत नायट्रेट दिसू लागणे हे जीवाणू कामाला लागल्याचे लक्षण आहे.

टाकी पिकविण्यासाठी सुरुवातीला मासे सोडू नयेत. काहीजण त्यासाठी कोळंबीचा तुकडा टाकतात. ही पद्धत सोपी असली तरी तिच्यात मात्रा हाती राहत नाही. 100 ग्रॅम कोळंबीच्या मांसात सुमारे 20 टक्के प्रथिने धरली, तर त्यातून 3.2 ग्रॅम नत्र मिळते. त्याचे पुढे सुमारे 14 ग्रॅम नायट्रेट होते. 500 लिटर पाण्यात म्हणजे लिटरला 28 मि.ग्रॅ. त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने पाण्यात लिटरला 2 मि.ग्रॅ. अमोनिया येईल एवढी मात्रा द्यावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मात्रा पुन्हा द्यावी. दिलेली मात्रा 24 तासांत संपून दोन्ही पुन्हा शून्यावर येऊ लागली, की टाकी तयार झाली असे समजावे. घरात आहे म्हणून युरिया किंवा मिश्रखत मात्र वापरू नये. त्यात इतर घटक असतात आणि स्फुरदामुळे शेवाळ माजते.

टाकी तयार झाल्यावर आणि मासे सोडण्यापूर्वी निम्मे किंवा त्याहून अधिक पाणी एकदाच बदलावे. मासे नसताना मोठा पाणी बदल निर्धोक असतो. ही संधी पुन्हा येत नाही.

तपासणी कशी करावी?

चुकीच्या तपासणीवरून केलेला उपाय नुकसान करतो. म्हणून पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

1. नव्या टाकीत प्रथम अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तपासावे. बहुतेक तपासणी संचांत नायट्रेटचे रूपांतर नायट्राइटमध्ये करून रंग आणला जातो. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर नायट्रेट आहे त्यापेक्षा बरेच जास्त दिसते. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

2. संच 'नायट्रेट' मोजतो की 'नायट्रेटमधील नत्र', हे वेष्टनावर वाचावे. नत्राच्या आकड्याला 4.43 ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. नत्र 10 असेल तर नायट्रेट सुमारे 44 होते. या एका गोष्टीमुळे दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांत चौपट फरक दिसू शकतो. या लेखातील सर्व आकडे नायट्रेटचे आहेत.

3. ज्या बाटलीत तळाशी भुकटी बसते ती सांगितलेल्या वेळेइतकी जोरात हलवावी. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ताडून पाहावा.

4. रंग पट्टीच्या शेवटच्या घराबाहेर जात असेल, तर टाकीचे 1 भाग पाणी व ऊर्ध्वपातित पाणी 9 भाग असे मिसळून पुन्हा तपासावे व येणारा आकडा 10 ने गुणावा.

किती प्रमाण चालेल?

अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. अमोनिया सर्वांत घातक असून सामू जितका जास्त तितके त्याचे विष जास्त. समुद्राच्या पाण्याचा सामू 8 च्या वर असल्याने येथे विशेष सावध राहावे लागते. नायट्रेट त्या मानाने सौम्य आहे. केवळ मासे असलेल्या टाकीत लिटरला 40 मि.ग्रॅ. पर्यंत चालवून घेता येते. समुद्रफुले किंवा इतर नाजूक अपृष्ठवंशी जीव असतील तर ते 10 च्या आसपास ठेवावे. पिल्लांच्या टाकीतही प्रमाण जितके कमी तितके चांगले. प्रवाळ खडकाभोवतीच्या खुल्या समुद्रात लिटरला 1 मि.ग्रॅ. इतकेही नायट्रेट नसते. परंतु टाकीत ते शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. नत्र आणि स्फुरद दोन्ही पार संपले तर समुद्रफुलांच्या शरीरातील उपयुक्त शेवाळाची उपासमार होते आणि उपद्रवी चिकट थर वाढू शकतो.

यावरून एक नियम पाठ करावा. अमोनिया वाढला असेल तर त्याच दिवशी पाणी बदलावे. नायट्रेट वाढले असेल तर घाई करू नये, त्याला काही आठवड्यांचा अवधी आहे.

नत्राचा ताळेबंद

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, आपल्या टाकीत प्रत्यक्ष 500 लिटर पाणी आहे. त्यात सुमारे 250 ग्रॅम वजनाचे मासे आहेत आणि त्यांना वजनाच्या 4 टक्के म्हणजे रोज 10 ग्रॅम सुके खाद्य दिले जाते. खाद्यात प्रथिने 45 टक्के आहेत. प्रथिनांना 6.25 ने भागले की नत्र मिळते. म्हणजे खाद्यात नत्र 7.2 टक्के. एवढ्या नत्राची टक्केवारी पाहिली की खाद्याचा डबा हा खताच्या पिशवीसारखाच आहे हे पटते.

रोजच्या 10 ग्रॅम खाद्यातून 0.72 ग्रॅम नत्र टाकीत येते. त्यापैकी ढोबळमानाने 30 टक्के माशाच्या वाढीस लागते. उरलेल्या सुमारे 0.5 ग्रॅम नत्राचे 2.2 ग्रॅम नायट्रेट होते. 500 लिटरमध्ये ही भर रोज लिटरला 4.5 मि.ग्रॅ., म्हणजे आठवड्याला सुमारे 31 मि.ग्रॅ. पडते.

आता केवळ पाणी बदलून हे आटोक्यात येईल का ते पाहू. दर आठवड्याला ठरावीक टक्के पाणी बदलले तर नायट्रेट काही आठवडे वाढत जाऊन एका पातळीवर थांबते. ही पातळी काढण्याची रीत सोपी आहे. आठवड्याची भर भागिले बदललेल्या पाण्याचा हिस्सा. बदलाचे पाणी नायट्रेटमुक्त आहे असे धरून उत्तर पुढीलप्रमाणे येते.

आठवड्याला 20 टक्के बदल : बदलापूर्वी 155, बदलानंतर 124
आठवड्याला 30 टक्के बदल : बदलापूर्वी 103, बदलानंतर 72
आठवड्याला 50 टक्के बदल : बदलापूर्वी 62, बदलानंतर 31
(आकडे मि.ग्रॅ. प्रति लिटर)

'दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलतो, तरी नायट्रेट दीडशेच्या खाली येत नाही' ही तक्रार आता समजून येईल. पाण्यात दोष नाही, दोष भर आणि उपसा यांच्या मेळात आहे. निम्मे पाणी दर आठवड्याला बदलायचे म्हटले तर 250 लिटरसाठी लिटरला 35 ग्रॅमप्रमाणे पावणेनऊ किलो समुद्री मीठ लागेल. हा खर्च धंद्याला परवडणारा नाही. म्हणून भर कमी करणे, उपसा वाढविणे आणि बेताचा पाणी बदल ही तिन्ही कामे एकत्र करावी लागतात.

भर कमी करण्याचे उपाय

खाद्य : एका वेळी मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. दिवसाची मात्रा वजन करून डबीत काढून ठेवावी आणि तीन-चार वेळा थोडी-थोडी द्यावी. चिमटीने अंदाजे खाद्य टाकण्याची सवय सोडावी. खाली पडलेले खाद्य पंधरा मिनिटांत नळीने ओढून काढावे. गोठविलेली कोळंबी किंवा आर्टेमिया वापरताना ती जाळीत घेऊन धुवावी व वितळलेले पाणी टाकीत जाऊ देऊ नये. वाया जाणारे खाद्य थांबवून रोजची मात्रा 10 वरून 7 ग्रॅमवर आणता आली, तर आठवड्याची भर 31 वरून 22 मि.ग्रॅ. वर येते. यास खर्च काही नाही, उलट खाद्य वाचते.

मासे : सगळे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. प्रथम एक चतुर्थांश सोडावेत, अमोनिया व नायट्राइट शून्य असल्याची दोन आठवडे खात्री करून पुढची खेप सोडावी. मेलेला मासा किंवा गोगलगाय लगेच बाहेर काढावी.

फिल्टरची स्वच्छता : फिल्टरच्या स्पंजात वा कापसात अडकलेला मळ हा पाण्यातच असतो, तो टाकीबाहेर गेलेला नसतो. तो कुजून नायट्रेट होण्यापूर्वी दर दोन-तीन दिवसांनी कापूस बदलावा किंवा धुवावा. जीवाणू राहतात ते भाग, म्हणजे सिरॅमिक तुकडे किंवा प्लॅस्टिकचे गोळे, टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात हलके खळबळावेत आणि एका वेळी निम्मेच हाताळावेत. ते नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या आठवड्यावर जाते.

वरून घालण्याचे पाणी : बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ मागे राहते, म्हणून तूट गोड्या पाण्याने भरावी लागते. हे पाणी कोठून येते याचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही. खतांचा भरपूर वापर होणाऱ्या भागांतील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात नायट्रेट असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मि.ग्रॅ. आहे. असे मर्यादेवरचे पाणी रोज 5 लिटर घातले, तर 500 लिटरच्या टाकीत महिन्याला लिटरमागे 13 मि.ग्रॅ. हून अधिक भर केवळ त्यातूनच पडते. आपल्या विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्यावे. कोकणात स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी हा उत्तम पर्याय आहे. पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्यावेत आणि पाणी कौलारू छपरावरून किंवा प्लॅस्टिकवरून धरावे. जस्ताच्या पत्र्यावरचे पाणी घेऊ नये, कारण जस्त समुद्री जीवांना बाधते.

उपसा वाढविण्याचे उपाय

फेस काढणारे यंत्र (प्रोटीन स्किमर) : यात बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय घाण वर येऊन पेल्यात साठते. ही घाण कुजून नायट्रेट होण्याच्या आधीच बाहेर पडते, हा याचा मोठा फायदा. पेला रोज रिकामा करून त्याची मान पुसून घ्यावी. मानेत मेण साचले की फेस नीट चढत नाही.

समुद्री शेवाळाचे पीक : टाकीत पीक नाही ही उणीव येथे भरून काढता येते. शेजारच्या लहान टाकीत किंवा फिल्टरच्या कप्प्यात उजेड देऊन उल्वा, कीटोमॉर्फा किंवा ग्रॅसिलारिया वाढवावे. टाकीतील पाणी पंपाने या कप्प्यातून फिरवावे. शेवाळ नत्र व स्फुरद दोन्ही उचलते. परंतु कापणी केली तरच नत्र बाहेर जाते, हे विसरू नये. ओल्या शेवाळात सुमारे 85 टक्के पाणी आणि सुक्या भागात 3 टक्क्यांच्या आसपास नत्र धरले, तर 100 ग्रॅम ओले शेवाळ काढल्याने 500 लिटरच्या टाकीतील नायट्रेट लिटरला सुमारे 4 मि.ग्रॅ. ने कमी होते. काढलेले शेवाळ गोड्या पाण्याने धुऊन कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. कॉलर्पा जातीचे शेवाळ शक्यतो टाळावे. ते अचानक विरघळून साठविलेले सारे नत्र एका रात्रीत पाण्यात परत सोडते.

वाळूतील विनत्रीकरण : भाताला नायट्रेटयुक्त खत देऊ नये असे आपण ऐकतो. पाणी साचलेल्या खाचरात प्राणवायू नसतो. तेथील जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व नत्र वायुरूपाने हवेत जाते. शेतात हे नुकसान आहे, टाकीत मात्र तोच फायदा. बारीक चुनखडी वाळूचा 10 सें.मी. किंवा अधिक जाड थर दिल्यास खालच्या भागात अशी स्थिती तयार होते. सच्छिद्र सिरॅमिक विटांच्या आतही ती होते. मात्र हे जीवाणू बसायला काही महिने लागतात, त्यामुळे नव्या टाकीने पहिल्या तिमाहीत यावर विसंबू नये. जाड थर ढवळू नये. त्यात काळा भाग तयार होऊन कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो पाण्यात मिसळल्यास मासे दगावतात. जाडसर शिंपल्यांच्या चुऱ्यात घाण अडकते. असा थर दोन-तीन सें.मी.पेक्षा जाड ठेवू नये आणि पाणी बदलताना नळीने स्वच्छ करावा.

कर्ब देणे : न कुजलेला पेंढा शेतात गाडला की पीक काही दिवस पिवळे पडते, कारण पेंढ्यातील कर्ब खाणारे जीवाणू जमिनीतील नत्र उचलून धरतात. हेच तत्त्व टाकीतही चालते. पांढरे साधे व्हिनेगर अल्प प्रमाणात दिल्यास जीवाणू वाढतात, पाण्यातील नत्र व स्फुरद उचलतात आणि फेसाबरोबर बाहेर पडतात. म्हणून फेस काढणारे यंत्र नसेल तर हा उपाय करूच नये. 500 लिटरला रोज 5 मि.लि. पासून सुरुवात करून आठवड्याला 5 मि.लि. याप्रमाणे वाढवीत न्यावे आणि नायट्रेट उतरू लागले की तेथेच थांबावे. पाणी दुधाळ झाले किंवा मासे पृष्ठभागावर येऊन श्वास घेऊ लागले, तर जीवाणूंनी प्राणवायू संपविला असे समजून व्हिनेगर बंद करावे व हवा वाढवावी. टाकी तीन महिन्यांची होईपर्यंत या वाटेला जाऊ नये.

बेताचा पाणी बदल

नायट्रेट 80 असेल तर 20 टक्क्यांचे तीन बदल एक-दोन दिवसांच्या अंतराने केल्यास ते 64, 51 आणि 41 असे उतरते. हीच उतरण एका फटक्यात आणल्यास माशांना पाण्यातील बदल सोसत नाही. नव्या पाण्याची क्षारता, तापमान व सामू टाकीशी जुळवून घ्यावा. लिटरला 33 ते 35 ग्रॅम क्षार, 26 ते 28 अंश सेल्सियस तापमान आणि 8.0 ते 8.3 सामू असावा. मिठाचे पाणी आदल्या दिवशी तयार करून 24 तास हवा देऊन ठेवावे. मिठागरातील साधे मीठ चालणार नाही, कारण मीठ धरताना मॅग्नेशियमसारखे क्षार खाऱ्या रसाबरोबर वेगळे होतात.

समुद्राचे पाणी वापरायचे असल्यास भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून व वस्तीच्या सांडपाण्यापासून दूर घ्यावे. गाळून, अंधाऱ्या झाकलेल्या टाकीत दोन आठवडे ठेवून मगच वापरावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ व कमी खारे असते, नद्यांतून नायट्रेटही वाहून येते. आठवड्याला 125 लिटर लागत असतील, तर जून ते सप्टेंबरसाठी सुमारे 2000 लिटर पाणी मे महिन्यातच साठवावे लागेल.

आता ताळेबंद पुन्हा मांडून पाहू. खाद्य 7 ग्रॅमवर आणल्याने आठवड्याची भर 22. आठवड्याला 300 ग्रॅम शेवाळ कापल्याने वजा 12. शिल्लक 10. त्यावर आठवड्याला 25 टक्के पाणी बदल. 10 भागिले 0.25 म्हणजे बदलापूर्वी 40 व बदलानंतर 30. जी टाकी 155 वर थांबत होती ती 40 वर आली आणि पाणी मात्र थोडेसेच जास्त लागले. फेस काढणाऱ्या यंत्राने व पुढे वाळूतील जीवाणूंनी हा आकडा आणखी खाली येतो. आपल्या टाकीचे आकडे यापेक्षा वेगळे असतील, पण रीत हीच.

सामूकडे दुर्लक्ष नको

अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे टाकले की जमीन आम्ल होते. नत्रीकरणात आम्ल तयार होते म्हणून असे घडते. टाकीतही 1 ग्रॅम अमोनियाच्या नत्राचे नायट्रेट होताना सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्च होते. आपल्या उदाहरणातील टाकीत 10 ग्रॅम खाद्यावर ही घट आठवड्याला लिटरमागे 50 मि.ग्रॅ. पर्यंत जाते, आणि समुद्राच्या पाण्यात ती असते सुमारे 120 च. म्हणजे पाणी न बदलल्यास दोन-अडीच आठवड्यांत साठा संपून सामू कोसळेल. अल्कलिनिटी दर आठवड्याला तपासावी. 50 ची घट भरून काढण्यास 500 लिटरला सुमारे 42 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो एकदम न घालता रोज 6 ग्रॅम पाण्यात विरघळवून द्यावा.

हे टाळावे

- नायट्रेट वाढले म्हणून सर्व पाणी, वाळू आणि फिल्टर एकाच दिवशी बदलणे.
- औषधे मुख्य टाकीत घालणे. प्रतिजैविकांनी उपयुक्त जीवाणूंना व तांब्याच्या औषधाने अपृष्ठवंशी जीवांना धोका पोहोचतो. आजारी मासा वेगळ्या टाकीत घ्यावा.
- वीज दीर्घकाळ गेल्यावर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करणे. आतील पाणी प्राणवायूअभावी सडलेले असते. ते ओतून, भाग खळबळून मगच सुरू करावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.
- काढलेले खारे पाणी शेतात, बागेत किंवा विहिरीजवळ ओतणे. 100 लिटर पाण्यात साडेतीन किलो क्षार असतात. ते जमिनीत राहून जमीन खारवते. हे पाणी ब्लिचिंग पावडरने निर्जंतुक करून, दोन-तीन दिवस हवा देऊन, क्लोरीन गेल्याची खात्री करून खाडीच्या भरतीच्या पाण्यात सोडावे.
- सजावटीसाठी समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचा खडक आणणे. प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे. क्लाऊन फिशला अंडी घालण्यास मातीचे कुंडे किंवा फरशीचा तुकडा पुरतो, प्रवाळाची गरज नाही.

कामाचे वेळापत्रक

रोज : खाद्य मोजून देणे, उरलेले काढणे, फेसाचा पेला रिकामा करणे, बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरणे, माशांचे श्वसन पाहणे.
दोन-तीन दिवसांनी : फिल्टरचा कापूस धुणे किंवा बदलणे.
आठवड्याला : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू, अल्कलिनिटी व क्षारता तपासणे; शेवाळ कापून वजन करणे; ठरलेला पाणी बदल करणे.
महिन्याला : निम्म्या फिल्टरची हलकी स्वच्छता, गोड्या पाण्यातील नायट्रेटची तपासणी, ताळेबंद नव्याने मांडणे.

या सर्व नोंदी एका वहीत तारखेनिशी ठेवाव्यात. खाद्य किती ग्रॅम, पाणी किती लिटर, शेवाळ किती ग्रॅम, नायट्रेट किती, एवढे चार रकाने पुरेत. दोन महिन्यांच्या नोंदी हाती असल्या की नायट्रेट कशामुळे चढले हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची वेळ सहसा येत नाही. तरीही अडचण आल्यास पाण्याचा नमुना व ही वही घेऊन रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. टाकी लहान असताना हिशेबाची सवय लावून घेतल्यास पुढे टाक्यांची संख्या वाढविणे सोपे जाते. म्हणून पहिल्या टाकीचे नायट्रेट सलग तीन महिने आटोक्यात राहिल्याशिवाय दुसऱ्या टाकीवर पैसा घालू नये.